छायालेखनातली ‘छाया’ म्हणजे सावली नव्हे

प्रश्न असा: ‘कादंबरीवरून केलेल्या चित्रपटावर लेख लिहिते आहे. त्यातल्या उजेडाविषयी लिहिताना “छायालेखन” म्हणू की “प्रकाशयोजना”? चित्र उमटतं प्रकाशाने, मग नावात छाया कशाला?’

छाया म्हटलं की आपल्याला झाडाखालची सावलीच आठवते. पण संस्कृतात या शब्दाला प्रतिबिंब, कांती, रंगाची झाक असेही अर्थ आहेत. छायाचित्रातली छाया मी तरी प्रतिबिंबाचीच धरतो.

याचा मासलेवाईक दाखला ‘अपराजितो’त (१९५६) सापडतो. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्यांवरून सत्यजित राय यांनी केलेला हा चित्रपट. बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. खऱ्या चौकात उजेड वरून, आभाळातून झिरपत येतो, त्याला ठसठशीत सावल्या नसतात. दिवे थेट रोखले असते तर भिंतीवर प्रत्येकाच्या दोन-दोन सावल्या पडल्या असत्या. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर मारले आणि परतून आलेल्या मऊ उजेडात चित्रण केलं. म्हणजे छायालेखकाने सावलीच पुसून टाकली, आणि घर खरं वाटू लागलं!

छायेचा आणखी एक अर्थ तुमच्या विषयाला थेट भिडतो. ‘गाथासप्तशती’ या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहाच्या छापील आवृत्त्यांत प्राकृत गाथेखाली तिचं संस्कृत रूप देतात, त्याला ‘संस्कृत छाया’ म्हणतात. मूळ बरंचसं तेच, अंगावरचं वस्त्र निराळं. माध्यमांतर याहून वेगळं काय असतं?

अर्थात छाया नेहमी मुळाबरहुकूम पडते असं नाही. एल. फ्रँक बॉम यांच्या ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’ या मुलांच्या कादंबरीत (१९००) ओझ या जादूच्या देशात पोचलेल्या डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९च्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीत पिवळ्या विटांच्या वाटेवर लाल रंग खुलून दिसतो. चांदीच्या बुटांत पुढे काही अभ्यासकांनी अमेरिकेतल्या सोनं-चांदी वादाचं, म्हणजे चलनाला आधार फक्त सोन्याचा की चांदीचाही या वादाचं, रूपक वाचलं. लाल बुटांत त्याला जागाच उरत नाही. उलट डोरोथीच्या घरच्या कॅन्सस प्रांताचा करडेपणा पुस्तकातच आहे: जमीन करडी, घर करडं, मावशीचे डोळेसुद्धा करडे. चित्रपटाने तो भाग तपकिरी झाकेत ठेवला आणि ओझमध्ये पाऊल पडताच रंग खुले केले. रंग बदलला, उदासपणा तोच राहिला.

तेव्हा दिवे कुठे ठेवले, कशावर मारले हे सांगायचं तिथे ‘प्रकाशयोजना’ लिहा. पडद्यावर उमटलेल्या एकूण चित्राबद्दल बोलताना ‘छायालेखन’. रंगांसाठी ‘रंगसंगती’ पुरते, ‘रंगपट्टिका’ वगैरे घडवायची गरज नाही. आणि एक विनंती, सरसकट ‘प्रकाशझोत’ नको. कौलाच्या फटीतून येतो तो कवडसा, खिडकीतून तिरकी येते ती उन्हाची तिरीप.