भिडस्त लेखिकेचे पुस्तक वाचकांपर्यंत कसे जाईल?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुमच्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या आणि आता पहिला कथासंग्रह एका प्रकाशकाने स्वीकारला आहे. मात्र त्याच बैठकीत ‘प्रसिद्धीचे तुम्हालाच पाहावे लागेल, रील्स करा, कार्यक्रम घ्या’ असे सांगितले गेल्यापासून तुमची झोप उडाली आहे. चारचौघांत बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते, मग ‘माझे पुस्तक घ्या’ असे कोणत्या तोंडाने सांगू, आणि हे जमणारच नसेल तर लेखन बाजूला ठेवून केवळ नेट-सेटचा (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचा) अभ्यास करावा का, असे तुम्ही विचारता.

लेखन सोडू नका, आणि नेट-सेटचा अभ्यासही सोडू नका. मराठी कथासंग्रहाच्या मानधनावर घर चालत नाही, त्यामुळे उपजीविकेची सोय वेगळी हवीच. पण ती सोय करणे म्हणजे लेखनातून माघार घेणे, असे मानण्याचे कारण नाही.

‘जी. ए. कुलकर्णी कुठे व्यासपीठांवर मिरवत होते?’ असे तुम्ही लिहिले आहे. ते खरे आहे. जी. ए. धारवाडला राहिले, महाविद्यालयात इंग्रजी शिकवत राहिले आणि सभा-समारंभांपासून कटाक्षाने दूर राहिले. परंतु त्यांच्या कथा वाचकांपर्यंत आपोआप पोहोचल्या नाहीत, ही बाजूही पाहायला हवी. श्री. पु. भागवतांसारखे संपादक होते, ‘सत्यकथे’सारखे मासिक होते, रामदास भटकळांसारखे प्रकाशक होते. लेखकाने गप्प राहावे आणि त्याच्या वतीने इतरांनी बोलावे, अशी व्यवस्था तेव्हा उभी होती. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद झाले आणि नंतरच्या काळात अशी वाङ्मयीन मासिके कमी होत गेली, वृत्तपत्रांतील परीक्षणांची जागाही आक्रसली. त्यामुळे पूर्वी संपादक व समीक्षक करत असलेल्या कामाचा काही भाग आज लेखकाकडे आला आहे. हा भाग तुमच्या स्वभावाला मानवेल अशा रीतीने कसा करायचा, एवढाच खरा प्रश्न आहे. जी. ए. स्वतः अनोळखी वाचकांशी आणि लेखकांशी अतिशय मन लावून पत्रव्यवहार करत असत, हेही ध्यानात ठेवा. त्यात प्रसिद्धीचा हेतू नव्हता. पण माणसांत न मिसळताही माणसांशी जोडून घेता येते, हे त्यातून नक्कीच दिसते.

तुमचेही बलस्थान लिहिणे हेच आहे, म्हणून प्रसिद्धीचे काम शक्य तितके लेखी करा. पुस्तक छपाईला जाण्यापूर्वी तीन मजकूर तयार ठेवा: मलपृष्ठावरचा मजकूर, स्वतःचा पन्नास-साठ शब्दांचा परिचय आणि एक पत्र. भिडस्त लेखक बहुधा परिचयातच अडखळतो. एक तर दोन ओळींत आटोपतो, नाही तर संकोचून ते काम दुसऱ्याकडे देतो आणि मग ‘साहित्यक्षितिजावरील उगवता तारा’ छापून येतो. त्याऐवजी तुमच्या पत्रात सहज आलेले वाक्य पाहा: ‘माझ्या कथांतल्या बायका ऊसतोडीला जातात आणि सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा घरातली त्यांची जागा बदललेली असते.’ यात स्वतःची स्तुती नाही, तरीही पुस्तक उघडून पाहावेसे वाटते. परिचय आणि मलपृष्ठ याच वाक्यापासून सुरू करा. स्वतःविषयी बोलण्याचा संकोच वाटतो तेव्हा कथांतल्या माणसांविषयी बोलावे. त्यांच्या वतीने बोलताना तुमची लेखणी अडखळत नाही, हे तुमच्या पत्रात दिसतेच आहे.

पत्राचा उपयोग अधिक मोठा आहे. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांना आणि वाङ्मयीन नियतकालिकांना पुस्तक अभिप्रायार्थ पाठवण्याची पद्धत अजून चालू आहे. परीक्षण आले नाही तरी ‘साभार पोच’मध्ये, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांच्या यादीत, नोंद येऊ शकते आणि ग्रंथखरेदी करणारे काही ग्रंथपाल ती नोंद वाचतात. सर्वांना एकच छापील मजकूर पाठवू नका. ज्या समीक्षकाने ग्रामीण स्त्रियांच्या कथांवर पूर्वी लिहिले आहे, त्यांना त्या लेखाचा उल्लेख करून पाच-सहा ओळी लिहा आणि संग्रहातली एक कथा आधी वाचावी म्हणून सुचवा. आठवड्याला अशी दोन पत्रे गेली तरी पुरे. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारांच्या घरात आहे. आपल्या जिल्ह्यातील मोठ्या ग्रंथालयांची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मागा आणि ग्रंथपालांना नावानिशी लिहा. पहिल्या पुस्तकासाठी पुरस्कार देणाऱ्या संस्थाही पुष्कळ आहेत आणि तिथे बहुतेक वेळा अर्ज व प्रती टपालाने पाठवाव्या लागतात. भिडस्त माणसे ‘आपण होऊन कसे पाठवायचे’ म्हणून ही संधी घालवतात, याचे मला फार वाईट वाटते. पुरस्कारासाठी पुस्तक पाठवणे हा आगाऊपणा नाही. परीक्षकांसमोर पुस्तक येण्याचा तोच रीतसर मार्ग आहे.

कार्यक्रम पूर्णपणे टाळता येतील, असे आश्वासन मी देणार नाही. अनोळखी माणसांत वावरून थकवा येणे आणि बोलायचीच भीती वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकवा विश्रांतीने जातो, भीती मात्र टाळत राहिल्याने वाढते. म्हणून वर्षाकाठी थोडेच कार्यक्रम स्वीकारा, पण त्यांचे स्वरूप तुम्ही सुचवा. भाषणाऐवजी प्रकट मुलाखत मागा आणि प्रश्न आधी पाहायला मिळावेत, असे कळवा; आयोजक सहसा नाही म्हणत नाहीत. त्याहून सोयीचे म्हणजे अभिवाचन. महाविद्यालयीन एकांकिका करणारी मुले तुमच्याच वर्गात असतील. त्यांच्यापैकी दोघांनी एक कथा वाचावी आणि शेवटी तुम्ही पाच मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यावीत. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव या निमित्तांनी अशा अर्ध्या तासाच्या कार्यक्रमांना मागणी असते. प्रकाशन समारंभ मात्र केलाच पाहिजे असे नाही. हॉल, शाली आणि अध्यक्षांच्या भाषणावर होणाऱ्या खर्चात बऱ्याच अभिप्राय प्रती पाठवून होतात.

रील्सचा आग्रह मनावर घेऊ नका. फेसबुकवर सविस्तर मजकूर वाचणारा मराठी वाचक पुष्कळ आहे. पंधरवड्यातून एकदा कथेमागची एखादी हकिगत तिथे लिहा, आलेल्या प्रतिसादांना एका ठरावीक वेळी उत्तरे द्या आणि उरलेला वेळ लेखनाला ठेवा.

वडील एका कंपनीचे प्रसिद्धीचे ‘पॅकेज’ घेऊन द्यायला तयार आहेत, असेही तुम्ही कळवले आहे. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण ते पैसे देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या कथांचा वाचक कोण आहे हे ज्यांना ठाऊक नाही, ते फलक आणि जाहिराती करून देतील, वाचक आणून देणार नाहीत. त्याऐवजी करारावर सही करण्यापूर्वी प्रकाशकांना लेखी विचारा: अभिप्रायार्थ किती प्रती पाठवणार, त्यांचा टपालखर्च कोण करणार, कोणत्या ग्रंथप्रदर्शनांत पुस्तक ठेवणार आणि लेखिकेला विक्रीसाठी किती सवलतीने प्रती देणार. प्रसिद्धीची सगळी जबाबदारी त्यांनी बोलण्याच्या ओघात तुमच्यावर टाकलेली दिसते. त्यातली त्यांच्या वाट्याची किती, हे कागदावर येऊ द्या. त्यांचे उत्तर आले की कराराच्या मसुद्यासह मला पाठवा.