जिल्हा परिषद शाळेत ३० मुलांना १० टॅब कसे पुरवायचे?

तिघांत एक टॅब द्या, पण गट कायमचे ठेवा. टॅबच्या पाठीवर १ ते १० क्रमांक चिकटवा. ३ नंबरचा टॅब ३ नंबरच्या गटाचाच. काच फुटली किंवा चार्जिंगची पिन सैल झाली की कुठे पाहायचं ते लगेच कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं गूगल खातं. ते शाळेच्या नावाने काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लिहा. शिक्षकांनी स्वतःचं खातं टाकलं आणि पुढे बदली झाली, की अडचण होते: पॅटर्न विसरल्यावर बटणं दाबून रीसेट केलं तर टॅब जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि त्याशिवाय उघडत नाही.

मुलं यूट्यूबवर जाऊ नयेत म्हणून सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात ‘ॲप पिनिंग’ (पडद्यावर एकच ॲप अडकवून ठेवण्याची सोय) चालू करा. त्यातला ‘अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा’ हा पर्यायही हवाच, नाहीतर मुलं दोन दिवसांत बाहेर पडायला शिकतात. सरकारच्या दीक्षा ॲपमधले धडे आदल्या दिवशी उतरवून ठेवा. एका हॉटस्पॉटवर १० टॅब एकाच वेळी नीट चालत नाहीत.

चार्जिंग शाळा सुटण्याआधी, तुमच्या डोळ्यांसमोर. ५ व्होल्ट २ अँपिअरचे १० चार्जर मिळून साधारण १०० वॅट घेतात, एका चांगल्या बोर्डाला ते जड नाही. बंद कपाटात मात्र चार्ज करू नका, बॅटरी तापते. उन्हाळी सुट्टीत निम्मी बॅटरी ठेवून टॅब पूर्ण बंद करा. शून्यावर ठेवलेले टॅब जूनमध्ये कधीकधी सुरूच होत नाहीत.