हॅवलॉकला जाताय? मग एक दिवस रिकामा ठेवा

अगं, तुझा अंदमानचा बेत वाचूनच मला दम लागला. चार दिवसांत सात ठिकाणं? सासूबाई आणि दोन पोरं घेऊन? हॅवलॉक बेटाचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचा, एक अख्खा दिवस मोकळा सोड.

पहिलं म्हणजे घड्याळ विसर. अंदमान आपल्या मुंबईच्या वीसेक रेखांश पूर्वेला, पण वेळ तीच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो! आम्ही पहिल्या खेपेला जेवून, वामकुक्षी काढून, चहा घेऊन निवांत राधानगरच्या किनाऱ्यावर पोचलो, तर अंधार. दादर चौपाटीची सवय, दुसरं काय. म्हणून पहाटे पाचला उठा, पोहणं सकाळी उरका, दुपारी झोपा आणि साडेतीनला निघा. राधानगर पश्चिमेला आहे, सूर्यास्त तिथलाच बघायचा.

रिसॉर्ट पूर्वेकडच्या विजयनगर किनाऱ्याच्या बाजूला असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा रिसेप्शनवर विचारून घे. ओहोटीला पाणी लांब जातं नि खडक उघडे पडतात. पोरांना रबरी चप्पल हवीच.

पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोट दोन-अडीच तास घेते. उलटीची गोळी आधी अर्धा तास. सासूबाईंना थेपले नि लिंबाचं लोणचं दे, त्या खूश.

आणि हो, पोरांच्या खिशातले प्रवाळाचे तुकडे परतताना काढून ठेव. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे, विमानतळावर सामान तपासतात. आमच्या धाकट्याने तिथं भोकाड पसरलं होतं.