आभा क्रमांक, मुलीची फाइल आणि सरकारची नजर

प्रश्न : ताई, माझी मुलगी पुण्यात नोकरीला असताना तिला नैराश्याचा त्रास झाला. वर्षभर मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालली. आता ती ठणठणीत आहे आणि आम्ही तिच्या लग्नाचं बघतोय. मध्यंतरी मी गुडघ्यांसाठी सरकारी दवाखान्यात गेले, तर केसपेपरच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन करायला लावला, ‘आभा’ काढून घ्या म्हणाले. ओटीपी मागितला, मी दिला. मुलीचंही आशाताईंनी घरी येऊन काढून दिलंय. आता आमच्या ह्यांचे मित्र सांगतात, सगळ्यांच्या आजारांची नोंद दिल्लीत एका जागी होणार आणि नव्या कायद्यामुळे सरकारला ती न विचारता बघता येणार. जे स्थळ आलंय त्यांच्यातले एक जण आरोग्य खात्यात आहेत. मला रात्री झोप लागत नाही. मुलीचं कार्ड रद्द करू का?
– एक आई, बार्शी

उत्तर : आधी तुमची झोप परत आणू. त्या गृहस्थांना नुसत्या आभा क्रमांकावरून तुमच्या मुलीची फाइल उघडता येत नाही. आभा हा आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीचा १४ आकडी क्रमांक आहे. हा क्रमांक देणारं केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालं, तेव्हापासून ७० कोटींहून जास्त लोकांचे क्रमांक निघालेत. पण क्रमांक निघाला म्हणजे जुनी कागदपत्रं आपोआप त्यात जात नाहीत. कागद त्या त्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच राहतात. दवाखान्याने ते तुमच्या क्रमांकाला जोडले आणि दुसऱ्या डॉक्टरने मागितले, तरच मोबाइलवर संमतीची विनंती येते. पुण्याच्या डॉक्टरांनी हाताने लिहिलेली फाइल कपाटात असेल, तर ती या जाळ्यात आलेलीच नाही. खिडकीवर तुम्ही जो कोड स्कॅन केलात, त्यातून तुमचं नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर असा तपशील गेला, आजारांचा इतिहास नव्हे.

तुमच्या ह्यांच्या मित्रांचं बोलणं मात्र मी उडवून लावणार नाही. दिल्लीत एकच मोठी वही नाही, हे खरं. पण सरकारने कुठली नोंद कशासाठी बघायची, याची कुंपणं हळूहळू सैल होताहेत आणि मला काळजी आहे ती त्याचीच. कोविनचं आठवतंय? लशीच्या वेळी ज्यांनी आधार दाखवलं, त्यांच्यातल्या अनेकांचे आरोग्य क्रमांक परस्पर तयार झाले होते. लोक गेले होते लस घ्यायला. मग जून २०२३मध्ये टेलिग्रामवरचा एक बॉट मोबाइल नंबर टाकला की लस घेणाऱ्याची माहिती दाखवू लागला. कोविनमध्ये थेट शिरकाव झालेला नाही, असं सरकारने सांगितलं. पण माहिती लोकांच्या डोळ्यांसमोर होती. त्याआधी नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथलं काम हाताने कागदावर करावं लागलं.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती, डेटा) संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. त्याचं कलम ७ नीट वाचा. सवलत, लाभ, सेवा, दाखला देण्यासाठी सरकार आपली माहिती नव्याने न विचारता वापरू शकतं. पूर्वी कधी अशाच कामासाठी संमती दिलेली असली, किंवा ती माहिती सरकारच्या एखाद्या अधिसूचित नोंदवहीत असली, तरी पुरे. कलम १७खाली केंद्र सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेला सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी या कायद्यातूनच सूट देऊ शकतं. आधीच्या मसुद्यांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती. अंतिम कायद्यात तो वर्गच उरला नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी मुलीच्या औषधाची चिठ्ठी आणि तिचा पिनकोड एकाच तागडीत.

एका कामासाठी घेतलेली माहिती सरकारने दुसऱ्याच कामाला वापरली की काय होतं, ते ब्रिटनने पाहिलंय. तिथे सरकारी आरोग्यसेवेकडचे पत्ते स्थलांतरितांना शोधण्यासाठी गृहखात्याला देण्याचा करार २०१७पासून लागू झाला. धास्तीने लोक डॉक्टरकडे जायचे थांबतील, असं डॉक्टर आणि संसदेची समिती सांगत राहिली, आणि २०१८मध्ये सरकारला तो गंभीर गुन्ह्यांपुरता आवरावा लागला. पत्ते घेतले होते उपचारासाठी.

मी बरीच वर्षं एका उपजिल्हा रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्रावर समुपदेशक होते. आमची वही कुलपात असे, किल्ली माझ्याकडे, आणि लॅबच्या नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक. तरी लोक यायचेच. कधी मुलाकडचे, ‘ताई, फक्त हो की नाही एवढंच सांगा’ म्हणत. कधी गावचा पुढारी. एकदा पोलीस ठाण्यातले हवालदार आले, वही उघडा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, कोर्टाचा आदेश आणा. २०१७चा एचआयव्ही कायदा लागू झाल्यावर तर मला आवाजही चढवावा लागत नसे, कलम ८ दाखवलं की माणूस खुर्चीवरून उठायचा. खिडकीमागच्या बाईच्या हातात असं कलम असेल, तरच ती नाही म्हणू शकते. आभाच्या व्यवस्थेत संमतीची पद्धत चांगली आखली आहे, पण तिच्या पाठीशी असा स्वतंत्र, कडक कायदा नाही. धोरण आहे. धोरण दाखवून हवालदार परत जात नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत असा कायदा आहे, हे लक्षात ठेवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि कलम २४ म्हणतं की डिजिटल नोंदींनाही तो लागू आहे. न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला धोका असे मोजके अपवाद आहेत. सोयरिकीची चौकशी त्यात बसत नाही. त्या गृहस्थांनी खात्यातल्या ओळखीने काही काढायचा प्रयत्न केला, तर लेखी तक्रार करा.

कार्ड रद्द करायचं का, हे मुलीला ठरवू द्या. क्रमांक तिचा आहे. आभाच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर तो तात्पुरता बंद किंवा कायमचा रद्द करता येतो. दवाखान्याकडचे कागद त्याने पुसले जात नाहीत, एवढं तिला सांगा. मी तिच्या जागी असते, तर आधी अ‍ॅपमध्ये काय काय जोडलंय ते पाहिलं असतं आणि दिलेल्या संमतींची यादी उघडली असती. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखांचे कागद आणि किती मुदतीसाठी, हे सगळं त्या विनंतीत लिहिलेलं असतं. नको वाटली तर ती नाकारता येते, दिलेली संमती मागेही घेता येते. आणि पुढच्या वेळी खिडकीवर ओटीपी सांगायच्या आधी विचारा, ‘हा कशासाठी?’ मागे रांग असली तरी विचारा.

प्रश्न : आभा काढलं नाही तर महात्मा फुले योजनेतून उपचार नाकारतात का? शेजारी म्हणतात, आयुष्मान कार्ड म्हणजेच आभा.
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : दोन्ही वेगळी आहेत. आयुष्मान कार्ड हे विमा योजनेच्या लाभार्थ्याचं, आभा हा नोंदींचा क्रमांक. आभा ऐच्छिक आहे आणि ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कुणी अडवलंच तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा आणि नकार लेखी मागा.