गाठीतला उजळ ठिपका नेमका कोणाचा?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला लिंफोमासाठी (लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी) कार-टी उपचार देण्यात आले. त्याच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या त्याला परत दिल्या, असे आम्हांला समजावण्यात आले. महिन्याने केलेल्या पेट स्कॅनच्या अहवालात मानेतील एका गाठीत अजून उजळपणा असल्याचे लिहिले आहे. तो कर्करोगाचा की त्या नव्या पेशींचा, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता आले नाही. या पेशी शरीरात प्रत्यक्ष पाहता येत नाहीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांनी ठाम उत्तर दिले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणाच म्हणायला हवा, कारण त्या स्कॅनमधून ते मिळतच नाही. स्कॅनपूर्वी इंजेक्शन देऊन तुमच्या भावाला तासभर निवांत पडून राहायला सांगितले असेल. त्या इंजेक्शनात फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर असते आणि जो भाग ती अधिक शोषतो, तो चित्रात उजळतो. कर्करोगाच्या पेशींना साखर लागते, तशी त्यांच्यावर तुटून पडलेल्या टी-पेशींनाही लागते. रक्ततपासणीत कार-टी पेशींची संख्या मोजता येते. मात्र त्यांपैकी किती मानेतल्या गाठीत पोहोचल्या, हे रक्तावरून कळत नाही.

पेशी पाहायच्या असतील, तर त्यांच्यावर आधी खूण करावी लागते. एक मार्ग म्हणजे पेशी शरीरात सोडण्यापूर्वी त्यांत इंडियम-१११ किंवा झिर्कोनियम-८९ हे किरणोत्सारी अणू भरणे. दडलेला जंतुसंसर्ग शोधण्यासाठी पांढऱ्या पेशींवर इंडियमची अशी खूण डॉक्टर कित्येक दशके करत आले आहेत. इंडियमचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) २.८ दिवस आणि झिर्कोनियमचे ३.३ दिवस असल्याने पेशी आधी फुप्फुसांत आणि मग यकृत-प्लीहेत कशा जातात, हे काही दिवस पाहता येते. अडचण पुढेच आहे. पेशीचे विभाजन झाले की तिच्यातली खूण दोघींत वाटली जाते, आणि कार-टीचे यश तर पेशींच्या भरमसाट वाढीवरच अवलंबून असते. म्हणजे उपचार जसजसा लागू पडतो, तसतशी खूण पुसट होत जाते. शिवाय मेलेल्या पेशीतला किरणोत्सारी अणू भक्षकपेशींनी गिळला, तरी चित्रात ठिपका दिसतच राहतो. किरणोत्सार अधिक भरावा, तर टी-पेशींनाच इजा होते.

दुसरा मार्ग मला अधिक पटतो. त्यात टी-पेशीत आणखी एक जनुक घातले जाते. त्याच्यापासून तयार होणारे प्रथिन विशिष्ट किरणोत्सारी औषध पकडून ठेवते. पेशीच्या प्रत्येक पिढीकडे हे जनुक जात असल्याने खूण विरळ होत नाही आणि काही आठवड्यांनी पुन्हा इंजेक्शन देऊन जिवंत पेशी तेवढ्या शोधता येतात. अंबाल्यात जन्मलेले स्टॅनफर्डचे संजीव गंभीर यांनी कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेतील सहकाऱ्यांबरोबर नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणूचे एक जनुक यासाठी वापरले. ग्लायोमा हा मेंदूचा कर्करोग झालेल्या एका रुग्णातील अशा पेशींचे चित्रण २००९ मध्ये आणि सात रुग्णांमधील चित्रण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र विषाणूचे प्रथिन परके असल्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींवरच उलटू शकते. म्हणून आता थायरॉइडमध्ये आयोडीन ओढून घेणारे किंवा प्रोस्टेटच्या पेशींवर आढळणारे, अशी माणसाचीच प्रथिने वापरून पाहिली जात आहेत. त्यांचीही मर्यादा आहे : थायरॉइड, लाळग्रंथी, मूत्रपिंडे असे अवयवही ती औषधे शोषतात, आणि त्यांच्या झगमगाटात शेजारची छोटी गाठ हरवते. मानेतली गाठ असेल तर हे विशेष लक्षात घ्यावे लागते.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण भारतात काय किंवा परदेशात काय, नेहमीच्या वापरातील कार-टी पेशींमध्ये चित्रणासाठीचे जनुक घातलेले नसते. ते घातले की नवेच औषध तयार होते आणि त्याच्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतात. एकदा शरीरात गेलेल्या पेशींत ते मागाहून घालता येत नाही.

त्यामुळे तुमच्या भावाच्या बाबतीत काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणे, किंवा डॉक्टरांना गरज वाटल्यास गाठीचा तुकडा तपासणे, हेच पर्याय उरतात. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करून घ्यावा. केंद्र बदलावेच लागले, तर केवळ कागदी अहवाल न नेता आधीच्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी.