आजच्या आभाराचं उद्याचं काम

प्रिय बाळ,

प्रार्थना कोरडी वाटते, असं लिहिलंस. "देवा, घर दिलंस, तब्येत दिलीस" एवढ्यावरच रोजचं आभार मानणं थांबत असेल, तर पाचव्या दिवशी ते कोरडं पडणारच. उपकार नावानिशी आठवायचे असतात.

संध्याकाळी आंजेलसची, म्हणजे चर्चमधली प्रार्थनेची घंटा झाली की घरातल्या वेदीपुढे १५ मिनिटं बस. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दोन मिनिटं गप्प राहा, मग गेल्या २४ तासांतल्या तीनच गोष्टी वहीत लिही. कालची आज चालणार नाही. नुसतं "आई" लिहू नकोस. "उशीर झाला तरी आईनं कढी गरम करून वाढली" असं लिही. मग बायबलमधलं स्तोत्र १३६ मोठ्यानं वाच. २६ वचनं, आणि प्रत्येकाला देवाच्या दयेचं तेच पालुपद. आकाशाच्या निर्मितीपासून निघालेलं हे स्तोत्र २५व्या वचनात अन्नापाशी येतं, म्हणजे थेट तुझ्या ताटापर्यंत.

आता आज्ञापालन. लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठव. "जा, स्वतःला याजकांना दाखवा" एवढीच येशूची आज्ञा होती. अंगावर रोग असतानाच ते निघाले आणि वाटेत शुद्ध झाले. आज्ञा दहाही जणांनी पाळली, आभार मानायला मात्र एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. मला वाटतं, आपल्यापैकी बरेच जण त्या नऊंत मोडतात: मीस (चर्चमधली उपासना) चुकत नाही, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चुकत नाही, पण मागे वळून पाहणं राहून जातं. काहींचं नेमकं उलट होतं, डोळे भरून येतात आणि पाय हलत नाहीत. म्हणून आभारांखाली एक ओळ लिही: जे करायला हवं हे ठाऊक असूनही टाळलं, असं एकच काम. माणूस, कृती, वेळ. "उद्यापासून चांगलं वागेन" हे काम नव्हे. "वडिलोपार्जित भाटाच्या (माडांच्या बागेच्या) वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलंय, उद्या नऊला फोन" हे काम. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तयच्या ५व्या अध्यायात आहे, तेही याच क्रमानं.

आज्ञापालनाचा नवस होऊ देऊ नकोस. "हे करतो, व्हिसा दे" म्हटलं की सौदा झाला. आणि कुणी माणूस स्वतःचा हुकूम देवाच्या नावानं लादत असेल, तर आधी पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्रींशी बोल.

दुःखाच्या दिवशी खोटे आभार लिहू नकोस. त्या दिवशी स्तोत्र १३ घे, सहाच वचनं. "कुठवर?" या प्रश्नानं ते सुरू होतं, आणि देवाला तो प्रश्न विचारता येतो.

गोव्यातल्या राय गावात ५ ऑगस्टला भाताच्या कणसांचं फेस्त, म्हणजे सण होतो, तेव्हा पहिली कणसं चर्चमध्ये येतात आणि बाकीचं भात शेतात उभंच असतं. पीक घरात येऊन मोजलं जाण्याची वाट आभार पाहत नाहीत. निकाल लागायचा असेल, नोकरीचं पत्र यायचं असेल, तरी आजच्या तीन ओळी आजच लिही.

रविवारी मीसला निघण्याआधी आठवड्याची कामं मोज. सातांपैकी चार झाली असतील तर पुष्कळ. एकही झालं नसेल तर ती फार मोठी लिहिली गेली असतील; पुढच्या आठवड्यात निम्मी कर.

देव बरें करूं.