म्हशीच्या दुधाची फॅट सकाळी ६.१, संध्याकाळी ७.८ : गावच्या दूध संस्थेत आधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : गावच्या दूध संस्थेच्या संचालक मंडळावर नव्याने आलात, काम बिनपगारी आहे, आणि रोज कुणीतरी किटली आपटत म्हणतं, "माझी फॅट मारली." म्हशीच्या दुधाची फॅट सकाळी ६.१ आणि संध्याकाळी ७.८ अशी येते. चूक गोठ्यात, फॅट मोजणाऱ्या मशीनमध्ये की माणसात, ते कसं ओळखायचं?

तक्रार आली की सगळे मशीनकडे बोट दाखवतात. मी मशीन शेवटी बघायला सांगेन. आधी नमुना, मग गोठा.

म्हशीच्या दुधावर साय भराभर चढते. धार काढल्यावर किटली तास-दीड तास नुसती ठेवली की वरचं दूध वेगळं आणि तळाचं वेगळं होतं. ती काट्यावरच्या बादलीत ओतताना गळ्याला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट थर राहतो, तो बोटाने पुसून बघा. ती त्या सभासदाची फॅट आहे, आणि ती परत घरी जाते. म्हणून थोडं दूध परत किटलीत घेऊन ती हलवायची, बादलीत रिकामी करायची, मग तळापर्यंत पोचणारा दांडा वर-खाली आठ-दहा वेळा मारायचा आणि त्याच क्षणी नमुना काढायचा. "आधी माप घेऊ, नमुना नंतर" असं केलं की घोळ होतो. नमुन्याच्या बाटलीत पाण्याचे थेंब नकोत. बाटली त्याच दुधाने विसळून घ्या.

आता गोठा. धारेच्या सुरुवातीच्या दुधाची फॅट शेवटच्या धारांच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असते. ज्याच्या घरी धार काढून झाल्यावर रेडकू पाजायला सोडतात, त्याची सगळ्यात घट्ट धार रेडकू पितं आणि पातळ दूध संस्थेत येतं. तक्रारदाराला हे तोंडी सांगून पटत नाही. एका म्हशीचं दूध दोन भांड्यांत काढायला लावा, पहिलं अर्धं एकात, उरलेलं दुसऱ्यात, आणि दोन्ही त्याच्यासमोर तपासा. रेडकाला उपाशी ठेवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याचं दूध मोजून आधी पाजावं किंवा एक सड त्याच्यासाठी ठेवावा, आणि बाकीचे सड पूर्ण नितारून काढावेत.

वेळेचंही तसंच. पहाटे ६ ला आणि दुपारी ४ ला धार काढली तर रात्रीचं अंतर १४ तासांचं, दिवसाचं १०. अंतर वाढलं की दूध जास्त, फॅट कमी. तुमच्या प्रश्नातला सकाळ-संध्याकाळचा फरक पुष्कळदा इथूनच सुरू होतो. अशा सभासदाला ५ आणि ५ वर आणा, आठवडा जाऊ द्या, मग बोला.

चाऱ्यात मुख्य भानगड तंतूची. कोवळा हिरवा चारा आणि भरपूर पेंड, पण कडबा नाही, अशा दावणीवर दूध वाढतं आणि फॅट उतरते. कुट्टी अगदी भुश्यासारखी बारीक केली तरी तेच, कारण जनावर रवंथ कमी करतं; तुकडा साधारण इंचभर असावा. उसाचे वाढे हंगामात सर्रास घातले जातात, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये, सोबत कडबा आणि रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्यावं. व्यायल्यावर पहिले सहा-सात दिवस चीक संस्थेत घालू देऊ नका. एक सड सुजलेला किंवा दुधात गुठळ्या दिसल्या तर ते दूधही वेगळं ठेवा.

दूध पातळ आहे असा आरोप करण्याआधी तापमान बघा. लॅक्टोमीटर (दुधात तरंगत ठेवून त्याची घनता बघायची काचेची नळी) २७ अंशाला जुळवलेला असेल आणि दूध ३२ अंशाला असेल, तर दर अंशाला ०.२ धरून १ पॉइंट मिळवायचा असतो. तो विसरला तर एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ०.२५ ने कमी दिसतो आणि प्रामाणिक माणूस पाणीवाला ठरतो. फेसाळ, ताज्या धारेच्या दुधातही आकडा थोडा खाली येतो, फेस बसू द्या. आणि फॅट खूप जास्त असली की लॅक्टोमीटर खालीच उभा राहतो, कारण फॅट हलकी असते. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे.

आता मशीन. त्यात हवेचे बुडबुडे गेले, दूध आंबट झालं किंवा म्हशीच्या दुधाला गायीचं बटण दाबलं, की आकडा चुकतो. रोज कोमट पाण्याने धुणं आणि कंपनीने दिलेल्या पावडरीने ठरल्या दिवशी सफाई, यात आळस नको. खात्रीसाठी संस्थेत गर्बरची, म्हणजे ॲसिडने फॅट वेगळी करून मोजायची सोय हवीच : १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर काठाने हळू १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच, फडक्यात गुंडाळून हलवणं, चार-पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज, मग ६५ अंशाच्या पाण्यात ठेवून वाचन. ॲसिड २७ अंशाला १.८०७ ते १.८१२ घनतेचं, बॅटरीचं चालत नाही. फॅटच्या थराखाली काळे कण आले तर ॲसिड जास्त तीव्र आहे किंवा दूध धसकन ओतलंय. पांढरे कण आले तर ॲसिड कमजोर आहे. ॲसिड तोंडाने कधीच ओढू नका.

मशीन आणि माणूस दोघांची परीक्षा एकाच युक्तीने होते. गुपचूप एकच नमुना दोन क्रमांकांनी लावा. ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर काम थांबवून कारण शोधा.

संस्थेचा खरा आरसा मात्र बेरजेत आहे. ५ लिटर ७.० ची, ४ लिटर ६.५ ची, ६ लिटर ८.० ची : लिटरला फॅटने गुणून ३५ + २६ + ४८ = १०९, भागिले १५, म्हणजे ७.२७. नुसती फॅटची सरासरी काढाल तर ७.१७ येईल, ती चुकीची. रोज सगळ्या सभासदांची अशी बेरीज करा आणि संस्थेचं दूध घेणाऱ्या दूध संघाच्या टँकरच्या नमुन्याशी ताडा. संघाची फॅट सतत जास्त येत असेल तर सभासदांना कमी दिली जातेय; सतत कमी येत असेल तर तुमचं मशीन फुगवून दाखवतंय किंवा संघाकडे तक्रार करायला हवी. दहा दिवसांच्या बिलासोबत हे दोन आकडे फळ्यावर लिहा. दर दहा दिवसांना दोन सभासद पाळीपाळीने मशीनशेजारी बसवा, संचालकांचे नातेवाईक नकोत. वार्षिक सभेपर्यंत थांबू नका.

काट्याकडेही बघा. १०० मिलीच्या खालचं सोडून देणारा काटा प्रत्येक मापाला सरासरी ५० मिली खातो. दोन वेळचे १०० मिली, महिन्याला ३ लिटर, १०० सभासदांचे ३०० लिटर. १० मिलीपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि त्याची वैधमापनाची पडताळणी दरवर्षी वेळेवर करून शिक्का सगळ्यांना दिसेल अशा बाजूला ठेवा.